झाड कोणीकडे पडेल?

मे महिना उजाडला, की पावसाळी वादळांच्या आधी फांद्या छाटण्याचे व धोकादायक झाडे उतरविण्याचे काम गावोगावी सुरू होते. नागपूरच्या मनीषनगरसारख्या दाट वस्तीत हे काम विशेष अवघड असते. एकीकडे कुंपणाची भिंत, दुसरीकडे विजेच्या तारा आणि खाली रहदारीचा रस्ता! शहरात झाड तोडण्यास १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पूर्वपरवानगी लागते. परंतु परवानगीच्या कागदाने फांदीचे वजन काही कमी होत नाही.

वृक्षतोड हा अत्यंत धोक्याचा व्यवसाय आहे. अमेरिकेच्या २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार सर्व व्यवसाय मिळून दर एक लाख पूर्णवेळ कामगारांमागे सुमारे ४ जण कामावर असताना मरण पावले. लाकूडतोड्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे १०० होते. यंत्रे व साधने मुबलक असलेल्या देशातील ही स्थिती आहे. असे का व्हावे? याचे उत्तर बऱ्याच अंशी शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रातच सापडते.

खाच आणि बिजागरी

झाडाचे सर्व वजन त्याच्या गुरुत्वमध्यातून खाली कार्य करते, असे आपण मानतो. झाड कललेले असेल, किंवा त्याचा पर्णसंभार एकाच बाजूस अधिक असेल, तर गुरुत्वमध्य बुंध्याच्या बरोबर वर राहत नाही. मग वजनाचे परिबल झाडाला त्या बाजूस फिरवू पाहते. खोडातील तंतू व मुळे त्याला विरोध करतात, म्हणून झाड उभे राहते. करवत चालू लागली, की हा विरोध कमी होत जातो.

जाणकार कामगार प्रथम ज्या दिशेस झाड पाडावयाचे त्या बाजूस, खोडाच्या जाडीच्या सुमारे पाव भाग खोल, पाचरीच्या आकाराची खाच घेतो. नंतर विरुद्ध बाजूने, किंचित वरच्या पातळीवर, काप घेतो. पण तो खाचेपर्यंत नेत नाही. मध्ये लाकडाची एक पट्टी राखतो. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखे काम करते. तिच्यामुळे झाड सावकाश आणि ठरलेल्या दिशेस वळते. ती पूर्ण कापली गेली, तर दिशेवरचा ताबाच सुटतो.

खूप कललेल्या झाडात आणखी एक धोका असतो. त्याच्या वरच्या बाजूचे तंतू ताणलेले आणि खालच्या बाजूचे दाबलेले असतात. लाकूड आडवे तोडणे कठीण. पण उभे चिरणे सोपे, हे सरपण फोडणारा कोणीही सांगेल. चुकीच्या क्रमाने कापल्यास असे खोड उभे चिरते, आणि मागचा भाग उसळून कामगाराच्या छातीवर वा तोंडावर आदळतो.

शेंड्याचा वेग

बुंध्याशी फिरत पडणारे झाड आपण एकसारख्या जाडीचा दांडा मानू. दांड्याची स्थितिज ऊर्जा फिरण्याच्या गतिज ऊर्जेत बदलते. त्यावरून गणित केले, तर २० मीटर उंचीच्या दांड्याचे टोक सेकंदाला सुमारे २४ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ८७ किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटते. तेवढ्याच उंचीवरून सोडलेल्या दगडाचा वेग तासाला सुमारे ७१ किलोमीटर भरतो. म्हणजे शेंडा दगडाहूनही वेगाने येतो! खऱ्या झाडाचा वेग पानांना होणाऱ्या हवेच्या विरोधामुळे काहीसा कमी होतो; तरीही शेवटच्या क्षणी त्यापुढून पळून वाचणे कठीण. म्हणूनच इतरांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर थांबावे, आणि कापणाऱ्याने मागच्या बाजूस तिरकी वाट आधीच मोकळी करून ठेवावी, असा नियम आहे.

हे पडताळण्यास एक प्रयोग करा. फूटपट्टीचे एक टोक टेबलावर टेकवा, दुसरे बोटाने थोडेसे उचलून धरा व त्या टोकावर एक नाणे ठेवा. बोट झटकन काढा. पट्टी आधी खाली येते व नाणे मागे राहते.

दोराला बसणारा हिसका

मनीषनगरसारख्या ठिकाणी झाड तुकड्यातुकड्यांनी उतरवावे लागते. फांदी दोराने बांधून कापतात. समजा, ५० किलोग्रॅमची फांदी २ मीटर मोकळी पडली आणि नंतर दोर अर्धा मीटर ताणला जाऊन ती थांबली. अडीच मीटर पडताना मिळालेली ऊर्जा दोराला अर्ध्या मीटरात शोषून घ्यावी लागते. म्हणून दोरावरील सरासरी ताण फांदीच्या वजनाच्या पाचपट, म्हणजे २५० किलोग्रॅम वजनाइतका होतो. क्षणिक ताण त्याहूनही अधिक. जो दोर ती फांदी सहज पेलून धरतो, तोच असा हिसका बसताच तुटू शकतो. यासाठी दोर सैल ठेवू नये. जवळ विजेची तार असेल, तर प्रवाह बंद केल्याशिवाय फांदीला हातही लावू नये. ओली फांदी व ओला दोर विजेचे वाहक असतात.

थोडक्यात वाचलो!

वाळकी फांदी खांद्याजवळून गेली, दोर तुटला पण खाली कोणी नव्हते. असे प्रसंग वारंवार घडतात. ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणून ते हसण्यावारी नेले जातात. अमेरिकेतील हाइनरिख यांनी १९३१ साली दाखविले, की एका गंभीर अपघातामागे किरकोळ इजांचे, आणि इजा न झालेल्या घटनांचे त्याहून कितीतरी अधिक प्रसंग असतात. त्यांनी दिलेल्या नेमक्या प्रमाणाबद्दल पुढे मतभेद झाले. पण त्यातील बोध टिकून आहे. फांदी माणसापासून एक हात दूर पडली काय किंवा डोक्यावर पडली काय, तिची ऊर्जा तितकीच असते आणि कारणही तेच असते. फरक केवळ माणूस कोठे उभा होता, एवढाच. तेव्हा असा प्रसंग घडताच काम थांबवावे, कारण शोधावे आणि सोबत्यांना सांगावे. रोजंदारीवरच्या माणसाला अर्ध्या तासाचा खोळंबाही जड जातो. म्हणून हा वेळ त्याच्या मजुरीतून कापणार नाही, हे काम देणाऱ्याने आधीच सांगितले पाहिजे.