टायगर मॉथ (भारतातील सेवा)

टायगर मॉथ (डी हॅविलंड डीएच ८२) हे ब्रिटिश बनावटीचे, एक इंजिन आणि एकामागे एक अशी दोन आसने असलेले द्विपंखी प्रशिक्षण विमान होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरच्या काही वर्षांत भारतीय हवाई दलातील असंख्य वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे याच विमानावर घेतले.

रचना

मूळ जिप्सी मॉथ विमानात सुधारणा करून ते तयार झाले आणि २६ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रथम उडाले. पुढच्या आसनावर शिक्षक व मागच्या आसनावर शिकाऊ वैमानिक बसे. वरचा पंख पुढच्या आसनाच्या नेमका डोक्यावर असल्यामुळे हवाई छत्रीसह बाहेर पडणे शिक्षकाला अवघड जाई. म्हणून तो पंख थोडा पुढे सरकवण्यात आला आणि बिघडलेला तोल साधण्यासाठी पंखांची टोके मागे झुकवण्यात आली. विमानाचे काहीसे मागे रेललेले रूप या व्यावहारिक गरजेतून आले आहे.

पंखांचा सांगाडा लाकडी असून त्यावर कापड ताणून बसवलेले असे. जिप्सी मेजर इंजिनाची शक्ती १३० अश्वशक्ती, तर कमाल वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर होता. चाकांना ब्रेक नव्हते. समोरचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे. शिक्षकाच्या सूचना शिष्याच्या कानापर्यंत पोहोचत त्या एका साध्या नळीतून.

हे विमान उडवणे सोपे, पण नेटके उडवणे कठीण, अशी त्याची ख्याती होती. शिकाऊ वैमानिकाच्या बारीकसारीक चुका ते लगेच उघड करी आणि त्यांपैकी बहुतेक पोटातही घाली. गिरकीची गोष्ट मात्र वेगळी. वेग फार कमी झाला, की विमान स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागते. युद्धकाळात वजन वाढलेली काही विमाने या गिरकीतून सहज बाहेर येत नाहीत असे आढळले. तेव्हा १९४१ च्या सुमारास चाचण्या होऊन शेपटीच्या पुढे, विमानाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्या बसवण्यात आल्या.

भारतातील वापर

युद्ध सुरू झाल्यावर वैमानिकांची मोठी निकड भासू लागली. हैदराबादजवळील बेगमपेठ आणि जोधपूर येथील प्राथमिक उड्डाण विद्यालयांत टायगर मॉथवर शिक्षण दिले जाई. देशातील फ्लाइंग क्लबांतही ही विमाने दीर्घकाळ दिसत राहिली.

निवृत्ती

लाकूड, सरस आणि कापड यांवर उभे असलेले विमान पावसाळी, दमट हवेत सतत निगा मागते. शिवाय पुढे ज्या धातूच्या, एकपंखी विमानांवर वैमानिकांना काम करायचे होते, त्यांच्याशी या विमानाचे साम्य उरले नव्हते. तेव्हा पर्याय शोधणे भागच होते. हा पर्याय बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीत आकाराला आला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये ही कंपनी स्थापन झाली होती. नव्या प्रशिक्षण विमानाच्या आराखड्याचे नेतृत्व डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केले. जर्मनीतील गटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. त्यांचे एचटी-२ हे धातूचे, एकपंखी विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले. गंमत अशी, की या पहिल्या नमुन्यात बसवलेले इंजिन जिप्सी मेजर याच घराण्यातले होते. पुढे एचटी-२ हवाई दलाच्या प्रशिक्षणात रुजले, तसे टायगर मॉथ लष्करी सेवेतून बाहेर पडले. लाकडी सांगाड्याची विमाने न वापरता ठेवली तर फार काळ टिकत नाहीत.

हवाई दलाच्या ऐतिहासिक विमानांच्या ताफ्यासाठी एचयू-५१२ क्रमांकाचे टायगर मॉथ ब्रिटनमध्ये पुन्हा उड्डाणक्षम करण्यात आले. ऑक्टोबर २०१२ मध्ये हवाई दलाच्या ८० व्या वर्धापनदिनी हिंडन येथील संचलनात ते आकाशात झेपावले.