समुद्राची ऊब कोणाच्या मालकीची?

लक्षद्वीपच्या विजेवर या स्तंभात कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्यांना आमचे उत्तर असे. लक्षद्वीपच्या वस्ती असलेल्या १० बेटांवर २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांवर माणसे राहतात आणि त्यांतील जवळजवळ ९५ टक्के अनुसूचित जमातीची आहेत. चोहीकडे समुद्र, पण प्यायचे पाणी तुटपुंजे. वर्षानुवर्षे त्यांच्या घरातला दिवा मुख्य भूमीवरून जहाजाने येणाऱ्या डिझेलवर लागला. पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला संगर करणाऱ्या समाजाला हा प्रश्न परका कसा वाटेल?

प्रवाळाच्या या बेटांवर नदी नाही, धरण नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते. विहिरीतून उपसा वाढला की तेही खारट होते. यावर चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्ती बेटावर उपाय करून दाखवला. समुद्राचे वरचे पाणी साधारण २८ अंश सेल्सिअस असते, तर साडेतीनशे मीटर खोलीवरचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. वरचे कोमट पाणी हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडले की त्याची वाफ होते. खालच्या थंड पाण्याने ती वाफ गार केली की गोडे पाणी हाती येते. रोज १ लाख लिटर! २०११ साली मिनिकॉय आणि अगत्तीतही असे प्रकल्प उभे राहिले.

मात्र पंपांना वीज हवी आणि ती पुन्हा डिझेलचीच. म्हणून याच संस्थेने कवरत्तीसाठी ६५ किलोवॅटचा वीजप्रकल्प हाती घेतला. तत्त्व तेच, पण थंड पाणी सुमारे हजार मीटर खोलीवरून आणायचे आणि वाफ गार होण्यापूर्वी तिच्याकडून टर्बाइन फिरवून घ्यायचे. सूर्य मावळला की सौर वीज थांबते; समुद्राची ऊब रात्रीही टिकते.

हे काम सोपे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. १९८१ साली पॅसिफिकमधील नाउरू बेटावर जपानी कंपनीने असे केंद्र चालवले. १२० किलोवॅटपैकी ९० किलोवॅट केंद्राच्या पंपांनीच खाल्ले. उरलेल्या विजेवर एका शाळेत दिवे लागले. तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळ भारताने १ मेगावॅटचा तरंगता प्रकल्प आखला होता, पण थंड पाण्याची लांबलचक नळी समुद्रात उतरवणेच जमले नाही. तेव्हा मोठ्या घोषणांपेक्षा आधी गावाच्या घागरीपुरते पाणी आणि वीज हेच शहाणपणाचे.

खरा प्रश्न यंत्राचा नाही, मालकीचा आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वीज आणि पाटबंधाऱ्यांची धोरणे होती. १९४३ साली वीजविषयक समितीपुढे बोलताना त्यांनी वीज खासगी की सरकारी, हा प्रश्न थेट मांडला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी. ती दारिद्र्य हटवण्याचे साधन आहे, ही त्यांची भूमिका होती. उलट मे २०२० मध्ये केंद्र सरकारने केंद्रशासित प्रदेशांतील वीजवितरणाचे खासगीकरण जाहीर केले. २०२१ साली लक्षद्वीप विकास प्राधिकरणाच्या मसुद्यात जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार दिसताच सारी बेटे विरोधात उभी राहिली. विकास नको म्हणून नव्हे, विचारले नाही म्हणून!

सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बेटावर पाणी विजेशिवाय मिळत नाही. मग वीज हा तिथे केवळ विक्रीचा माल कसा राहील?

म्हणून आमच्या मागण्या तीन. पहिली वीज पिण्याच्या पाण्याला मिळावी. प्रकल्प चालवण्याचे प्रशिक्षण आणि नोकऱ्या बेटावरच्या तरुण-तरुणींना मिळाव्यात. नळी टाकण्यापूर्वी प्रवाळाचे आणि मासेमारीचे काय होईल, हे लोकांना त्यांच्या भाषेत सांगून त्यांची संमती घ्यावी.

समुद्राची ऊब कोणाच्या बापजाद्यांची जहागीर नाही. ज्यांच्या दारात तो समुद्र आहे, त्यांच्या घरात पहिला दिवा लागला पाहिजे.