कोरोमंडलचे नाव, चीनचे काम

पावर हाउसच्या बाजारातून लाखेच्या बांगड्या घेऊन येणाऱ्या गृहिणीला लाखकाम म्हटले, की छत्तीसगडातील कुसुम-पळसावर पोसणारा इवलासा किडा आठवावा, हे स्वाभाविकच आहे. चीनमधील जुन्या घडीच्या पडद्यांची चकाकी मात्र किड्याची नव्हे. ती एका झाडाच्या चिकाची. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातले. बिबा उतून अंगावर फोड आलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना कच्चा चीक हाताळणाऱ्या कारागिरांचे हाल निराळे सांगावयास नकोत. हा चीक उन्हात नीट वाळत नाही! त्याला उबदार, दमट हवा लागते. आपण पावसाळ्यात रंग वाळत नाही म्हणून कुरकुरतो. तेथे कारागीर काम मुद्दाम ओलसर जागी ठेवीत.

यांपैकी विशेष नावाजलेले पडदे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, कांगशी बादशहाच्या (१६६१ ते १७२२) अमदानीत घडले. बहुधा बारा फळ्या एकमेकींना जोडलेल्या, उंची माणसाहून अधिक. फळीवर प्रथम मातीचा जाड लेप, त्यावर चिकाची काळी किंवा तपकिरी पुटे. मग चित्राच्या रेषा तशाच राखून मधला भाग कोरावयाचा आणि त्या खोलगट जागेत रंग भरावयाचे. एका अंगास राजवाड्यातील समारंभ, दुसऱ्या अंगास पक्षी व फुले, कडेने फुलदाण्या आणि प्राचीन पात्रे. तांगकालीन सेनापती ग्वो झ्यी याच्या वाढदिवसाचा देखावा फार आवडीचा. कारण दीर्घायुष्य आणि मुलानातवंडांनी भरलेले घर या दोहोंचे तो प्रतीक मानला जाई. असे पडदे वडीलधाऱ्यांना वाढदिवसाची भेट म्हणून देत आणि त्यांवर शुभेच्छांचा लेख कोरीत.

युरोपी व्यापाऱ्यांची जहाजे हा माल चोळमंडलाच्या किनाऱ्यावरून पुढे नेत. म्हणून पश्चिमेकडे त्यांना ‘कोरोमंडल’ हे नाव पडले. त्या शतकाच्या अखेरीस त्याच किनाऱ्यालगत तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. बनविणारा चिनी, नाव मात्र वाटेवरच्या बंदरांचे!

युरोपात पोचल्यावर अनेक पडद्यांच्या वाट्यास करवत आली. फळ्या कापून कपाटे केली, भिंती मढविल्या. १६८८ च्या एका इंग्रजी ग्रंथात, अशा कपाटांवर माणसे नि झाडे उलटीपालटी बसविल्याची खिल्ली उडविलेली आहे. सेनापतीचे घर एका कपाटावर, त्याचे पाहुणे दुसऱ्यावर. आणि कोणा आजोबांना कोणी दीर्घायुष्य चिंतिले होते, तो लेख तुकड्यातुकड्यांनी कोठे गेला, कोण सांगणार!