वटवाघळाची कवटी आणि भूगोल

सोनिवलीची लेणी पाहताना आपली नजर भिंतींवर असते; आज आम्ही ती छताकडे वळवू इच्छितो. सह्याद्रीतील कित्येक लेण्यांत फळे खाणारी वटवाघळे राहतात, तशीच पाली-बेडूक पकडणारीही. पहिल्यांचे तोंड लांबट. दुसऱ्यांचे सुळे बळकट, आणि वरचे पुढचे दात मुळीच नाहीत! कवटी अन्नाप्रमाणे घडते, हे येथेच दिसते. मग भूगोल कोठे आला? कोणत्या रानात काय खावयास मिळेल, हे पाऊस ठरवितो; आणि डोंगर वा समुद्र आड आला की एकाच जातीच्या दोन वस्त्यांतला सोयरसंबंध तुटतो. मग पिढ्यान्‌पिढ्या दोन्हीकडील कवट्या निराळ्या वाटेने जातात.

नालासारख्या नाकाची वटवाघळे तर नाकातूनच ओरडतात. कवटीतील नाकाच्या पोकळ्या त्या आवाजाला जुळलेल्या असतात. दक्षिण भारतातील अशा एका जातीत प्रत्यक्षात दोन जाती दडलेल्या होत्या. आवाज आणि आनुवंशिक द्रव्य यांवरून दुसरी ओळखली गेली व तिला नाव मिळाले. डोळ्यांनी ती सहसा कळली नसती.

खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील रॉटनच्या वटवाघळाचे वर्णन ऑल्डफील्ड थॉमस यांनी 1913 साली केले. ती गुहा उजाड झाली असती, तर तुलनेस मूळ वस्तीच उरली नसती. कारण विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही जात अन्यत्र ठाऊक नव्हती. पुढे ती मेघालयात आणि कंबोडियातही आढळली.