पोराचा हात मोडला, फोटो कोणता काढायचा?

सुट्टीत विहारासमोर पोरं खेळतात, हातावर पडतात आणि मनगटाच्या वरचं हाड मोडून घेतात. मग आजी म्हणते, मुरगळलंय, चोळून घ्या. शेजारचा म्हणतो, सीटी स्कॅन करा, सगळं दिसतं. वस्तीतल्या एका ताईला खासगी दवाखान्यात पहिल्याच भेटीत सीटी लिहून दिला. ती गळ्यातलं गहाण ठेवायला निघाली होती. आम्ही आधी साधा एक्स-रे काढायला लावला. हाड चेपलेलं स्पष्ट दिसलं, सीटी लागलाच नाही.

लहान मुलाचं हाड ओल्या फांदीसारखं असतं. कधी नुसतं चेपतं, कधी एका बाजूनं चिरतं नि दुसरीकडून वाकतं. म्हणून बोटं हलतात, म्हणजे मोडलेलं नाही, असं धरू नका. एक्स-रे मात्र दोन बाजूंनी हवा, समोरून आणि कडेनं. एकाच फोटोत वाकलेलं हाड सरळ दिसू शकतं. किरणांची भीती नको. दिवसभरात निसर्गातून अंगावर येतात, त्याहूनही कमी किरणं हाताच्या एक्स-रेत असतात. सीटीत त्याहून कितीतरी जास्त. सांध्यात गेलेल्या, गुंतागुंतीच्या फ्रॅक्चरला तो लागतो. "डॉक्टर, कशासाठी?" हे विचारायला लाजू नका.

सोनोग्राफीनंही हे हाड तपासता येतं. ऑस्ट्रेलियात ५ ते १५ वर्षांच्या २७० मुलांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हात वाकडा दिसत नसलेल्या मुलांची आधी सोनोग्राफी केली, तरी चार आठवड्यांनी त्यांचा हात एक्स-रेवाल्या मुलांइतकाच चालत होता. ती करणाऱ्यांत नर्सही होत्या, हे आम्ही मुद्दाम सांगतो! आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते (ती हवीच), म्हणून अपघात विभागात मशीन सहसा हाताशी नसतं. आपल्याला एक्स-रेच जवळचा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत.

फोटो साफ आला, तरी हाडावर दाबल्यावर पोर कळवळत असेल तर डॉक्टरांना सांगा. वाढीच्या भागातली इजा पहिल्या फोटोत लपते. अशा वेळी हात आधाराला बांधून दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात.

जाताना हात चोळू नका, ओढू नका. पुठ्ठ्यावर सैल बांधून ओढणीच्या झोळीत ठेवा. बोटं गार, निळी किंवा बधिर पडली, हात वाकडा झाला, जखमेतून हाड दिसलं, तर रात्र असली तरी निघा.