ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी बिल बघा, मग जीबी

बारावीचा निकाल लागला की मोमिनपुरा, जाफरनगरच्या बऱ्याच घरांत एकच मागणी सुरू होते: अब्बू, कॉम्प्युटर पाहिजे, ग्राफिक्स कार्डवाला. मग बापलेक धंतोली-सीताबर्डीच्या दुकानांत फिरतात. गेमिंगच्या सेटमध्ये बहुतेक वेळा हाच भाग सर्वांत महाग, म्हणून जरा सांभाळून.

आधी हे ठरवा, कार्ड लागतंच का? अभ्यास, हिशेब, ऑनलाइन क्लास यांना प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. रायझन 5 5600जी घेतला तर वेगळं कार्ड नको. पण इंटेलच्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' असेल, जसं आय5-12400एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहते. गेमिंग, थ्रीडी डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग असेल तर कार्ड घ्या. मुलाला मशीन लर्निंग शिकायचं असेल तर एनव्हिडियाचं बरं.

आता खरी गोष्ट. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. त्यातली काही धुऊन-पुसून नवी म्हणून खपवली जातात. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखे बदललेले, किंमत रास्त असेल तर चालतंही. पण विकणाऱ्याने ते सांगायला हवं. मालाचा ऐब लपवून विकणं आपल्या दीनमध्ये मना आहे, हे दुकानदार आपला असो की परका, त्याला सरळ विचारायला लाजू नका.

नावातही गफलत असते. 'आरएक्स 580 2048एसपी' हे कार्ड नावाने 580, पण आतून 570 च्या दर्जाचं. काही ठिकाणी तर जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं असतं. दुकानातच जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ओळखीची नकली चिप असेल तर ते नावापुढे 'फेक' असं दाखवतं. जुनं कार्ड असेल तर फरमार्कवर पंधरा-वीस मिनिटं तापवून बघा. स्क्रीनवर ठिपके, रेषा आल्या की हात जोडून निघा. बॉक्सवरचा आणि कार्डावरचा सिरियल नंबर एकच हवा, आणि जीएसटीचं पक्कं बिल हवंच. कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे वाचतात, पण नंतर वॉरंटीला ती चिठ्ठी कोण विचारतं?

पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नको. आरटीएक्स 4060 साधारण 115 वॅट खातं, 3060 तर 170. कंपनी दोन्हींसाठी 550 वॅटचा सप्लाय सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यावर लिहिलेल्या वॅटवर भरवसा ठेवू नका.

आणि आपलं नागपूर. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, खोली तापली की कार्ड तेवढंच जास्त तापतं. त्यामुळे दोन-तीन पंख्यांचं कार्ड आणि समोर जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. पण कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ओलावा आणि खाऱ्या पाण्याचा थर दोन्ही आत जातात.

एक शेवटचं, हप्त्यांबद्दल. क्रेडिट कार्डाच्या 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बँक बहुधा व्याज लावतेच, तेवढी सूट आधी किमतीत दिलेली असते, आणि व्याजावरचा जीएसटी आपल्या खिशातून जातो. सूद टाळायचा असेल तर सही करण्याआधी आपल्या आलिमसाहेबांना हा हिशेब दाखवा, नाहीतर दोन महिने थांबून रोखीने घ्या. तोवर 5600जी वर काम चालतं.