रात्रीची झाकपाक : एका दुर्लक्षित गृहकृत्याचे स्वरूप

दिवसाचे अखेरचे जेवण आटोपल्यानंतर आणि घरातील दिवा मालवण्यापूर्वी स्वयंपाकघरात जे काम चालते त्याला मराठीत ‘झाकपाक’ असा एक नेटका शब्द आहे. ‘आवरासावर’ हा शब्द कोणत्याही खोलीला आणि दिवसाच्या कोणत्याही वेळेला लागू पडतो. झाकपाक मात्र बहुधा रात्रीची आणि बहुधा स्वयंपाकघराचीच असते. या शब्दाच्या आरंभी झाकणे आहे, धुणे नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भांडी घासणे हा या कामाचा केवळ एक भाग होय, आणि पुष्कळ घरांत तो सकाळवर टाकलेलाही असे. उरलेल्या अन्नापैकी काय ठेवावयाचे, कशात आणि कोठे ठेवावयाचे, काय जनावरांपुढे घालावयाचे आणि उद्याच्या अन्नाची कोणती सिद्धता आजच करावयाची, याचा निर्णय हे झाकपाकीचे खरे अंग. पाकशास्त्रावरील पुस्तकांत बहुधा पदार्थ पानात वाढला गेला की प्रकरण संपते. त्यापुढील निर्णयांचे शास्त्र सासूकडून सुनेकडे आणि आईकडून मुलीकडे तोंडी, आणि पुष्कळदा बोलणी खाऊनच, येत राहिले.

या निर्णयांच्या मुळाशी तीन शब्दांचा भेद आहे. ज्याला तोंड लागले ते उष्टे. शिजलेल्या अन्नाचा, विशेषतः भाताचा, अंश ज्याला लागला ते खरकटे. ते अन्न कोणी तोंडात घातलेले असलेच पाहिजे असे नाही. आणि ज्यावरून रात्र गेली ते शिळे. भाताचे पातेले खरकटे असते, पण उष्टे नसते; जेवलेले ताट दोन्ही असते. शितकण पातेल्यात असेतो अन्न, आणि तोच जमिनीवर पडला की खरकटे. घाण म्हणजे आपली जागा सोडून भलतीकडे गेलेली वस्तू, हे मेरी डग्लस यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडलेले सूत्र या व्यवस्थेस चांगले लागू पडते. या भेदाला व्यावहारिक बाजूही आहे. खरकट्या हाताने लोणच्याची बरणी उघडली असता ओला, पिष्टमय अंश आत जातो आणि लोणच्यावर बुरा चढतो. परंतु एवढ्यावरून ही सारी व्यवस्था आरोग्यशास्त्राचीच होती असे मानणे भोळेपणाचे होईल. याच भेदाच्या आधारे कोणाच्या हातचे पाणी चालावयाचे आणि कोणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबावयाचे हेही ठरत असे, आणि त्याचे स्पष्टीकरण बुरशीच्या भयाने होत नाही.

चुलीच्या काळात रात्रीचे पहिले काम विस्तवाचे. जळते लाकूड बाहेर ओढून विझवीत आणि चांगले निखारे राखेखाली पुरून ठेवीत. राख उष्णतेची मंदवाहक आहे; शिवाय तिच्या थरातून निखाऱ्यास हवा अगदी बेताची मिळते. त्यामुळे निखारा सावकाश जळत राहतो आणि पहाटे फुंकणीच्या दोन फुंकरांनी फुलतो. जी राख विस्तव जपते तीच भांडीही घासते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात विरघळून अल्कधर्मी द्राव तयार होतो आणि भांड्यावरील ओशटपणाचा काही अंश त्याच्याशी संयोग पावून साबणासारखा बनतो. न विरघळलेली राख घर्षणाचे काम करते, आणि हाताशी नारळाची शेंडी असतेच. भातातील फुगलेले पिष्ट वाळले की भांड्यास घट्ट चिकटते. म्हणून घासणे सकाळी असले तरी भांड्यांत पाणी घालून ठेवणे रात्रीच करावे लागे. जेवणाच्या जागेवरची उष्टी काढून तेथे शेण फिरवणे आणि चुलीस पोतेरे देणे ही कामे मातीच्या जमिनीबरोबर बहुतेक घरांतून गेली. त्यांपैकी दुसरे कोठे रात्री तर कोठे पहाटे होत असे.

झाकपाकीतील कौशल्य राखेपेक्षा भांड्यांच्या निवडीत अधिक दिसून येई. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. चिंच, आमसूल, ताक किंवा दही यांतील आम्लाचा पितळेशी दीर्घकाळ संपर्क आला की धातूचा अंश अन्नात उतरतो, रंग पालटतो आणि चव बिघडते. या विकृतीसाठी मराठीने ‘कळकणे’ असे स्वतंत्र क्रियापद राखले आहे. रोजच्या वापरातील धातू आणि रोजच्या जेवणातील आंबट यांचा विरोध किती जवळून अनुभवला गेला होता, याचे हे एक गमक मानता येईल. त्यावर उपाय कल्हईचा. भांडे तापवून, नवसागराने त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करून, २३२ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या कथिलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने आतून फिरवीत. हा थर झिजतो. म्हणून कल्हईचे भांडे आतून वाळूने खरडणाऱ्या नव्या सुनेस बोलणी बसत. कल्हई नवी असली तरी आंबट पदार्थ तीत रात्रभर ठेवण्याचे जाणत्या गृहिणी टाळीत. जेवणे झाली की आमटी पितळी पातेल्यातून दगडीत, कढी वा ताक मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, असा एक मुकाट स्थलांतराचा कार्यक्रम चाले. दुधाची जागा जाळीच्या कपाटात. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. जेथे कपाट नसे तेथे आढ्यास टांगलेले शिंके मांजरापासून रक्षण करी.

विरजण लावणे हे या कार्यक्रमातील सर्वांत लहान आणि बहुधा सर्वांत नाजूक काम. दूध बोटाला सोसवेल इतके कोमट, म्हणजे सुमारे ४० अंश सेल्सिअस, असावे लागते. ते फार तापलेले असेल तर विरजणातील जिवाणू मरतात. निवालेले असेल तर सकाळपर्यंत दही लागत नाही. थंडीत विरजण अधिक घालून भांडे गुंडाळून ठेवावयाचे, उन्हाळ्यात थोडे आणि उशिरा लावावयाचे. त्यात मोजमाप कोठेच नाही. बोट, ऋतू आणि कालच्या दह्याची आठवण एवढ्यावर काम चालते. कडधान्ये भिजत घालणे हेही याच वर्गातले. न्याहारीला उसळ हवी असेल तर तिचा निर्णय आदल्या रात्रीच, आणि मोड आलेली हवी असेल तर त्याच्याही आधी, घ्यावा लागतो.

उरलेल्या भाताविषयी मात्र परंपरेच्या शहाणपणावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे. ‘बॅसिलस सीरिअस’ या जिवाणूचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ राहिला तर ते रुजून वाढतात, आणि त्यांचे एक वांतिकारक विष असे आहे की ते पुन्हा तापवल्याने नष्ट होत नाही. सकाळी फोडणी दिली की शिळ्या भाताचा दोष जातो हा समज त्यामुळे टिकत नाही. खोल पातेल्यात भरलेला भात आतून फार सावकाश निवतो. तो पसरून लवकर निववणे आणि मग थंड जागी ठेवणे हा खरा उपाय. भातात ताक वा दही कालवून ठेवण्याच्या रीतीला थोडा आधार आहे, कारण आम्लता वाढली की या जिवाणूंची वाढ मंदावते. ज्वारीच्या भाकरीत ओलावा भातापेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे ती अधिक टिकते. देशावर शिळी भाकरी ही राजरोस न्याहारी ठरली, यामागे गरिबीइतकाच धान्याचा हा गुणही असावा.

दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकू नये, लक्ष्मी जाते, हा संकेत सर्वश्रुत आहे. मंद प्रकाशात एखादा मणी वा नाणे केराबरोबर जाऊ नये म्हणून तो पडला, असे त्याचे स्पष्टीकरण हल्ली वारंवार ऐकू येते. ते मागाहून सुचलेले दिसते. त्याहून लक्षणीय आहे ती संकेत आणि गरज यांमधून गृहिणींनी काढलेली वाट : सांडलेली शिते ओल्या फडक्याने टिपून घ्यावयाची, केर कोपऱ्यात जमवून झाकावयाचा आणि उजाडल्यावर बाहेर टाकावयाचा. उंदीर, झुरळे आणि मुंग्या यांना रात्रीचे खरकटे हे आमंत्रणच असते. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि १८९८ साली पॉल लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसवांचा त्या रोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. त्यानंतर स्वयंपाकघरातील खरकटे हा केवळ घरापुरता प्रश्न राहिला नाही.

हे काम कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर भाषेतच सापडते. झाकपाकीला ‘मागचे आवरणे’ असेही म्हणतात, आणि मागचे आवरते ती मागाहून जेवलेली असते. पुरुष आणि मुले आधी, मग वडीलधाऱ्या स्त्रिया, शेवटी सुना, हा क्रम पुष्कळ घरांत दीर्घकाळ पाळला गेला. त्याचा झाकपाकीशी असलेला संबंध मात्र पुरेसा विचारात घेतला गेलेला नाही. शेवटची व्यक्ती जेवेपर्यंत भांडी रिकामी होत नाहीत, आणि ती जेवते ते भांडी रिकामी करण्यासाठीच. तळाची आमटी, करपलेली पोळी, दुसऱ्या दिवशी टिकणार नाही अशी भाजी, हे सारे ‘उगाच वाया कशाला’ म्हणून तिच्या पानात येते. काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे या निर्णयात एक तिसरी वाट अशी कायम उपलब्ध असे, ती म्हणजे निर्णय घेणारीनेच ते खाऊन टाकणे. आवरणारीचे जेवण हे अशा रीतीने आवरण्याचाच एक टप्पा होऊन बसते. घरात अन्न पुरेसे असतानाही तिच्या वाट्याला काय आले हे एकूण शिधा मोजून कळणार नाही. स्वयंपाक किती झाला यापेक्षा पातेली कशी रिकामी झाली, हे पाहिल्यास त्याचा काही उलगडा होईल.

मुंबईच्या चाळीत या कामाला जागेची आणि पाण्याची निराळी बंधने पडली. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. जेथे शिजवावयाचे तेथेच निजावयाचे, तेव्हा झाकपाक उरकल्याखेरीज अंथरुणे पडत नसत. एका स्त्रीच्या हाताच्या वेगावर साऱ्या बिऱ्हाडाची झोप अवलंबून राही. भांडी रात्री घासावयाची की सकाळी, हे तिच्या इच्छेपेक्षा नळाला पाणी केव्हा येते यावर ठरे. गिरणगावात घरगुती खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांपुढे तर याहून बिकट प्रश्न होता. गिऱ्हाईक पाळ्यांप्रमाणे जेवावयास येणार; एका पाळीचे खरकटे निघते तोच दुसरीची चूल पेटलेली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने ज्यांना संघटित केले त्या याच स्त्रिया. घरातील विनामोल काम आणि विकावयाचे काम ही एकाच ओट्यावर, एकाच फडक्याने होत असताना त्यांत रेघ कोठे मारावयाची, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडून समजून घ्यावा असा आहे.

पुढील बदल परिचित आहेत; त्यांचा विस्तार नको. स्टेनलेस स्टीलने कळकण्याचे भय घालवले आणि त्याबरोबर भांडी बदलण्याचा तो सारा कार्यक्रमही. गॅसच्या शेगडीने राख नाहीशी केली आणि घासण्याची पावडर, वडी व द्रव विकत घेणे भाग पाडले. अर्थात ग्रामीण भागात गॅस आणि चूल अजूनही पुष्कळ ठिकाणी एकत्र नांदतात. सर्वांत खोल परिणाम शीतकपाटाचा. त्याने अन्न टिकवले हे खरेच. पण रात्री घ्यावाच लागणारा निर्णय त्याने पुढे ढकलता येण्याजोगा केला. ‘असू दे उद्याला’ म्हणून आत गेलेली वाटी चौथ्या दिवशी बाहेर येऊन टाकली जाते, तेव्हा टाकण्याचा निर्णय झाला तो वस्तुतः पहिल्याच रात्री. शहरी मध्यमवर्गात भांडी घासण्याचे काम बाहेरून येणाऱ्या स्त्रीकडे गेले. तिला महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ अन्वये कामगार म्हणून मान्यता मिळाली. तिच्यासाठी रात्री भांडी गोळा करून, खरवडून, भिजवून ठेवणारी मात्र गृहिणीच राहिली.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठीची विनामोल गृहकृत्ये करणाऱ्या स्त्रियांचा त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर ती करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो असे आढळले. ही कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के आणि पुरुषांचे २६.१ टक्के होते. २०२४ मध्ये असे सर्वेक्षण पुन्हा झाले. या आकड्यांचे मोल मोठे आहे. पण ते कसे गोळा होतात हेही पाहिले पाहिजे. पहाटे ४ पासून दुसऱ्या पहाटे ४ पर्यंतचा काळ अर्ध्या-अर्ध्या तासांच्या खंडांत विभागला जातो, आणि एका खंडात १० मिनिटे वा अधिक काळ चाललेली कामेच साधारणतः नोंदली जातात. भांडी घासणे या चाळणीवर राहते. दुधाला बोट लावून पाहणे, मटकी भिजत घालणे, आमटीचे भांडे बदलणे, उरलेला भात सहा जणांच्या न्याहारीला पुरेल की नाही याचा अंदाज घेणे आणि तो पुरणार नसेल तर पोहे आहेत का म्हणून डबा उघडून पाहणे, ही कामे तिच्यातून गळून पडतात, कारण त्यांतील एकही दोन-तीन मिनिटांहून अधिक चालत नाही.